ठकीबाईचे बैल आणि 'अबाउट एट'

परवा जव्हारला माझ्या इंग्रजीची परीक्षाच झाली... आणि परीक्षक होती ठकीबाई.

ठकीबाई दाभोशाची, आमच्याकडे गवताचा भारा आणते. तिचे दोन्ही बैल कोंडवाड्यात पडले होते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते राखीव रानात चरत होते, असा रखवालदाराचा रिपोर्ट. नांगरणी तोंडावर, आणि बैल आत...

ती म्हणत होती, बैल तेव्हा नदीवर होते. जंगल कचेरीतल्या नव्या साहेबाला मराठी येत नाही, म्हणून बैल सोडवायचा अर्ज इंग्रजीत हवा. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. चूक होईल या धास्तीने आधी पेन्सिलीने लिहायला घेतलं. ठकीबाई सांगू लागली,

"दीस कासराभर वर आला होता. बैल नदीला. रानाची हद्द तठून दोन हाकांवर."

कासऱ्याच्या दोरीएवढा दिवस, दोन हाकांएवढं अंतर... साहेबापुढे हे कसं मांडायचं? मी लिहिलं, बरोबर आठ वाजता, हद्दीपासून अर्धा मैल. शाईने उतरवून तिला अर्थ सांगितला. अंगठा टेकवता टेकवता तिने हात मागे घेतला.

"बाय, मी इसा नाय सांगला. साहेब म्हनल, घड्याल दाखव. मंग?"

चूक होऊ नये म्हणून इतकी जपणारी मी, आणि उतरवलं ते खोटंच... कागद फाडला. या वेळी 'अबाउट एट ओक्लॉक' लिहिलं, 'समव्हेअर निअर द रिव्हर' लिहिलं. अर्ज फार लुळा वाटत होता, पण तिने लगेच अंगठा उठवला.

कचेरीत साहेबाने नेमकं त्या 'अबाउट'वरच बोट ठेवलं. हिच्याकडे घड्याळ नाही, ही सूर्य बघते, एवढंच कसंबसं इंग्रजीत बोलले.

साहेब तिथेच उभ्या असलेल्या रखवालदाराकडे वळला. त्याचा प्रश्न मीच मराठीत विचारला, तुमचं घड्याळ कुठे आहे?

"घड्याळ कुठलं, बाई... सूर्यच बघितला. रिपोर्टात नक्की वेळ लिहावी लागते ना!"

ठकीबाई पदराआड हसली. मी मात्र मान खाली घातली... पहिल्या कागदावर मी तरी दुसरं काय केलं होतं?

दुपारपर्यंत बैल सुटले. त्यांच्यामागून ती दाभोशाच्या वाटेला लागली, मागे वळूनही न पाहता.

इंग्रजी मला शाळेने दिलं. पण जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगायचं, आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही, हे ठकीबाईने शिकवलं... तिचे उपकार.