रफीकचा कान

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी रफीक गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: चला, आता केजमध्ये मी एकटाच.

शिव्या घालायच्या असतील तर खाली कमेंटमध्ये घाला. डिलीट करणार नाही.

आमचा दोघांचा धंदा एकच. लोकांच्या घरी होम थिएटर बसवून द्यायचं.

मी पुण्याला जाऊन रीतसर कोर्स केलेला. सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलंय. रफीक बापाच्या रेडिओ रिपेअरिंगच्या दुकानात, सोल्डरिंगच्या धुरात वाढलेला.

आणि लोक बोलवायचे कुणाला? रफीकला.

"रफीकचा कान लई तयार हाय," असं गिऱ्हाईक माझ्याच काउंटरला टेकून, माझ्याकडूनच वायर घेताना सांगायचं.

मी हसत हसत वायर कापून द्यायचो. आतून नुसता जळफळाट.

चहाच्या हॉटेलात तो कायम माझ्या डाव्या हाताला बसायचा. जागा नसली तर मला सरकवून बसायचा. मागून हाक मारली की भलतीकडेच बघायचा.

मी बायकोला म्हणायचो, भाव खातोय.

एकदा उमापूरला एका बागायतदाराच्या बंगल्यावर मी फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर, बसवलं. मापाची टेप लावून. सोफ्याच्या मधोमध खूण करून पुढचे स्पीकर तीस अंशांवर, मागचे एकशेदहा अंशांवर. अगदी पुस्तकातल्यासारखं.

आठ दिवसांत मालकाचा फोन. "आमच्या अण्णांचं डोकं दुखतंय हो. रफीकला बोलवलंय. तुमी बी या."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. केजहून उमापूर म्हणजे अर्धा जिल्हा ओलांडायचा, तरी गेलो. रफीकला गाडीत घेऊन गेलो. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतो.

पठ्ठ्याने टेपसुद्धा आणली नव्हती.

त्याने अण्णांना विचारलं, "तुमी रोज कुठं बसता?"

अण्णा सोफा सोडून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

रफीकने हेलिकॉप्टरचा एक सीन लावला. "आता डोळे मिटा अण्णा. हेलिकॉप्टर कुठं हाय, तिकडं बोट करा."

हेलिकॉप्टर खोलीभर फिरायला पाहिजे. अण्णांचं बोट मागच्या उजव्या स्पीकरकडेच अडकलेलं. तो त्यांच्या कानाला लागूनच होता.

रफीकने स्पीकर हलवला. परत बोट. परत हलवला. थोडा वर, थोडा मागे, आवाज कमी. पुन्हा, "अण्णा, आता कुठं हाय?"

शेवटी डोळे मिटलेल्या अण्णांचं बोट खोलीभर गोल फिरायला लागलं, आणि घरातली सगळी माणसं हसायला लागली. अण्णाही हसले.

मी सोडून.

"सुधा, तुझं माप बरोबर हाय बे," रफीक सगळ्यांसमोर मला म्हणाला. "पन अण्णा सोफ्यावर बसतच न्हाईत. त्यांना गेटवर कोन आलं ते बघायचं असतंय."

येताना मी त्याला न घेताच निघालो. एसटीने आला असेल.

नंतर मी दोन-तीन जणांना सांगितलं की रफीक डुप्लिकेट वायर वापरतो. वायर माझ्याच दुकानातली होती.

तर, रफीक गेला. हार्ट अटॅक.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. लोक काय म्हणतील, म्हणून गेलो. त्याचे मोठे भाऊ हमीदभाई फळांचा गाडा लावतात. दारातच खुर्ची टाकून बसले होते. बोलता बोलता मी आपलं चार लोकांसारखं म्हटलं, "काय कान होता हो त्याचा."

"एकच," हमीदभाई म्हणाले.

मला कळलंच नाही.

"डावा कान लहानपनीच गेलता त्याचा. गालफुगी झालती तवा. एका कानानं आवाज येतो, पन कुठून आला ते त्याला उमगायचं न्हाई. म्हनून तर लोकायला बोट करायला लावायचा."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

हमीदभाईंनी खुर्ची जरा माझ्याकडे वळवली.

"तुमाला तर सांगूच नका म्हनलता. म्हनला, सुधा गावभर करील."

केलं असतं. आज खोटं कशाला बोलू? त्याच दिवशी केलं असतं.

पंधरा वर्षं ज्या कानावर मी जळलो, त्याला आवाजाची दिशाच कळत नव्हती. माझे दोन्ही कान शाबूत. पण मी कधी कुणाला विचारलं नाही.

वाटलं होतं, हे कळल्यावर तरी मत्सर जाईल. तो उलट वाढला.

आज सकाळी दुकान उघडलं नाही. घरातलं होम थिएटर लावलं, बायकोला बोलावलं. ती नेहमी दिवाणावर बसते, भाजी निवडत. मधली खुर्ची माझी.

"डोळे मिट. हेलिकॉप्टर कुठं आहे, बोट कर."

"हे काय आता नवीन?" म्हणाली, पण डोळे मिटले.

तिचं बोट थेट डोक्यामागच्या स्पीकरकडे गेलं. आणि तिथून हललंच नाही.

"कायम असंच येतं?"

"मग? म्हनून तर मी पिक्चर अर्धा सोडून आत जाते. तुमाला वाटतं, मला झोप येती."

आठ वर्षं झाली घरात हे बसवून.

दुपारपर्यंत स्पीकर तीनदा हलवला. बोट आता अर्ध्या खोलीपर्यंत फिरतंय, पुढे अडकतंय. रफीकने दहा मिनिटांत केलं असतं. बघा, अजून जळतोच आहे.

रफीक, आज तुझ्या उजव्या बाजूला उभा राहून सांगतो, नीट ऐक.

तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

हे मी गावभर करतोय.

सलाम, दोस्ता.