खातं बंद, गाऱ्हाणं चालू

आमच्या ऑफिसात किस्से पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखे जमतात. मुद्दाम कोणी जमवत नाही आणि पंखा फिरत असेपर्यंत ते दिसतही नाहीत. पंखा थांबला की दिसतात. आमचा पंखा म्हणजे सोशल मीडियावरचं जाहिरातींचं खातं, आणि ते थांबवण्याची त्या सोशल मीडियावाल्या कंपनीला भारी हौस.

ऑफिस चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात, वर आम्ही छोट्या दुकानदारांच्या जाहिराती चालवतो. माझा नवरा शिरीष आणि त्याचे मित्र पेडणेकर यांनी हे सुरू केलं. शिरीष गेला आणि त्याच्या खुर्चीवर मी बसू लागले. मजकूर मी लिहिते. डिझाइन अश्विनी करते. ती नाहूरहून येते आणि नाहूर इतकं लांब असण्याला रोज आम्हाला जबाबदार धरते.

सगळ्या गिऱ्हाइकांच्या जाहिराती एकाच खात्यातून जातात आणि ते खातं शिरीषच्या नावावर आहे. अजूनही. नाव बदलायला गेलं की चौकशी होते, चौकशी झाली की खातं बंद होतं, असा पेडणेकरांचा सिद्धांत. मीही आग्रह धरला नाही. त्यामुळे आमच्याकडचा सर्वांत नियमित माणूस म्हणजे शिरीष. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की स्क्रीनवर येतं, ‘नमस्कार शिरीष, आज काय विकायचंय?’

*

खातं पहिल्यांदा बंद पडलं ते मालवणी मसाल्यामुळे. तेव्हा शिरीष होता.

बोरिवलीच्या एक काकू घरी मसाला करून विकायच्या. अश्विनी तेव्हा नवी होती आणि तिला कलात्मक फोटो काढायचा होता. काळा कपडा, एका बाजूने उजेड आणि पारदर्शक छोट्या पुड्यांमध्ये तपकिरी पावडर! कंपनीचा निरोप आला, की अमली पदार्थांची जाहिरात इथे चालत नाही. खातं बंद.

शिरीषने अपील केलं. ही मिरची आहे, हे धने, हे दगडफूल, असं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, ‘घटक पदार्थांची माहिती दिल्याबद्दल आभार. निर्णय कायम आहे.’

काकूंना हे सांगायचं कसं, म्हणून पेडणेकरांना पाठवलं. काकू रागावतील असं वाटलं होतं. त्या खूश झाल्या.

“म्हणजे वास न घेताच कळला त्यांका?”

*

त्याच दिवशी पेडणेकरांनी ऑफिसात गाऱ्हाणं घातलं. ते मालवणचे. त्यांच्या गावी कुठलंही काम अडलं की देवापुढे नारळ ठेवून, एका दमात सगळी अडचण सांगतात, आणि मागे उभे असलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इथे देवाच्या जागी मॉनिटर होता, बाकी सगळं रीतसर.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची काय चूकभूल झाली आसात तर ती पोटात घाल, आणि ह्या बंद पडलेला खाता चालू कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो. मी तेव्हा डबा द्यायला म्हणून आले होते, तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. यात अपिलाचा वाटा किती आणि नारळाचा किती, हे कंपनीने कळवलं नाही. पण तेव्हापासून ऑफिसचा नियमच झाला. आधी गाऱ्हाणं, मग अपील. अश्विनीने एकदा विचारलंही, की काका, अपील इंग्रजीत आणि गाऱ्हाणं मालवणीत, वरच्याला नक्की कळतं ना?

“देवाक कळता,” पेडणेकर म्हणाले. “कंपनीचा माका म्हायत नाय.”

*

मी आल्यावर लिहिलेली पहिली जाहिरात अंधेरीच्या एका हाडांच्या डॉक्टरांची. ‘तुमचे गुडघे दुखतात का?’ इतकं सरळ वाक्य. नामंजूर. बघणाऱ्याच्या शरीराबद्दल थेट बोलायचं नाही, असा नियम आहे म्हणे. लोकांच्या मनातलं सगळं ओळखणाऱ्या कंपनीला लोकांच्या गुडघ्यांची मात्र अतोनात भीड.

मी ‘तुमचे’ काढून टाकलं. नामंजूर. ‘गुडघ्यांना आराम हवा?’ नामंजूर. शेवटी वैतागून लिहिलं, ‘काही लोकांचे गुडघे दुखतात. तुमचे दुखत नसतीलच. तरी पत्ता देऊन ठेवतो.’

ती मंजूर झाली. वर इतकी चालली, की डॉक्टरांनी फोन करून जाहिरात थांबवायला सांगितलं. त्यांच्या रिसेप्शनिस्टचा हात दुखायला लागला होता. जाहिरातीचं शास्त्र मी तिथेच शिकले. माणसाला त्याचं दुखणं सांगू नये, शेजाऱ्याचं सांगावं.

*

घाटकोपरच्या क्लासवाल्या सरांचं दुखणं वेगळं. त्यांना त्यांची जाहिरात दिसत नव्हती.

अश्विनीने समजावलं, की सर, दहावीतल्या मुलांच्या आईवडिलांना दिसते, तुमचं तर लग्नही झालेलं नाही. सर म्हणाले, माझ्या वहिनीलाही दिसत नाही, तिला दहावीतला मुलगा आहे. तिला का नाही दाखवत? तुम्ही काहीच करत नाही.

अश्विनीने काय करावं? खरी जाहिरात होती तशी ठेवली आणि दुसरी एक फक्त सरांच्या बिल्डिंगभोवती लावली. सर फोन उघडतील तेव्हा सर हजर. आठवडाभरात सर पेढे घेऊन आले. म्हणाले, आता कशी झकास चाललीय, लिफ्टमध्येसुद्धा लोक ओळखतात! प्रवेश नेहमीच्याच जाहिरातीतून येत होते. सर अजून वाट्टेल त्याला आमचं नाव सुचवतात.

“वहिनी, इफेक्टिव्ह जाहिरात म्हणजे काय?” अश्विनी मला म्हणाली. “जो बिल देतो त्याला दिसली पाहिजे.”

*

मधला एक जुना किस्सा राहिला. शिरीष असतानाचा, चष्म्याच्या दुकानाचा.

नव्या फ्रेमचा व्हिडिओ करायचा होता. मॉडेल सांताक्रूझहून निघाला होता, तो अजून निघालेलाच आहे. दुकानदार घाई करायला लागला. शेवटी शिरीष स्वतः भिंतीपुढे उभा राहिला आणि फोन माझ्या हातात दिला. एकेक फ्रेम लावून त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली, असा गंभीर चेहरा करून, की जसं काही पासपोर्ट ऑफिसात उभा आहे.

दुकानदाराने व्हिडिओ नीट पाहिला आणि म्हणाला, “फ्रेम मस्त दिसतायत. फक्त माणूस बदला.”

पुढे कितीतरी दिवस घरात कोणी काही मागितलं, की शिरीष ‘माणूस बदला’ म्हणायचा. तो व्हिडिओ ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला. नंतर मी तो उघडला नाही.

*

यंदा गणपतीच्या तोंडावर खातं पुन्हा बंद पडलं. मखरवाले, मोदकवाले, फुलवाले, सगळ्यांच्या जाहिराती एकदम थांबल्या. हा हंगाम गेला तर गाळा सोडावा लागेल, हे पेडणेकर एकदाच बोलले, तेही खिडकीकडे बघत. माझं आणखी एक जाणार होतं. सकाळचा तो नमस्कार. ते मी कोणाजवळ बोलले नाही.

कंपनीने कारण दिलं होतं, ‘खातेदार ही खरी व्यक्ती आहे की नाही, याबद्दल आम्हाला शंका आहे.’

“शंका रास्त आसा,” पेडणेकर म्हणाले आणि नारळ आणायला गेले.

गाऱ्हाणं झालं. मग मी अपील लिहिलं आणि खरं तेच लिहिलं, की खातेदार वारले, मी त्यांची पत्नी. उत्तर आलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खातेदार उपलब्ध झाल्यावर त्यांना स्वतःचा व्हिडिओ पाठवायला सांगा.’

मी पुन्हा लिहिलं, की ते उपलब्ध होणार नाहीत. उत्तर आलं, ‘हरकत नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.’

व्हिडिओ कसा हवा याच्या सूचना खाली होत्या. अश्विनी मोठ्याने वाचू लागली. साध्या भिंतीपुढे उभे राहा. मान डावीकडे करा. उजवीकडे करा. मग वर... इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, तो चष्म्याचा...”

पेडणेकर चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेले. चहा समोर आलेला होता.

हे खोटं होईल का, असं मी विचारलं. अश्विनी म्हणाली, “खरं आपण दोनदा सांगितलं ना, वहिनी.”

तिने शिरीषचा एका फ्रेममधला तुकडा पाठवला. मी पाहिला नाही. थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘चेहरा स्पष्ट आहे. कृपया चष्मा काढून पुन्हा पाठवा.’

पेडणेकर परत आले होते. कोणी हसलं नाही. मग दोन फ्रेमच्या मधलं काही मिळतं का, ते शोधणं आलं. ते मीच केलं. माझ्याशिवाय कोणाला सापडलं नसतं, कारण फोन तेव्हा माझ्या हातात होता.

शिरीष चष्मा काढतो. ठेवायला जागा शोधत डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, पंख्याकडे बघतो आणि मग सरळ माझ्याकडे.

“अगं, ठेवू कुठे हा?”

“हातातच धर. हलू नकोस.” हा माझा आवाज.

आवाज कापू का, असं अश्विनीने विचारलं. राहू दे, म्हटलं.

चहा निवून गेला होता. गाऱ्हाण्याचा नारळ मॉनिटरपुढे तसाच होता. त्याच्या वर स्क्रीनवर अक्षरं आली, आणि ती अश्विनीने वाचून दाखवली.

“धन्यवाद शिरीष. तुम्ही खरी व्यक्ती आहात, याची आमची खात्री पटली आहे. आज काय विकायचंय?”

आत्ता गाऱ्हाणं कोणी घालत नव्हतं. तरी आम्ही तिघं एकदमच म्हणालो, “व्हय म्हाराजा.”