गळ्यावरचा हात

आईचं मंगळसूत्र गेलं ते भरदुपारी, दिल्लीत मुनिरक्याजवळच्या आमच्याच कॉलनीत, दुधाच्या बूथसमोर. मागून मोटरसायकल आली, मानेला हिसका बसला आणि मोटरसायकल निघून गेली. हेल्मेटखालचा चेहरा तिला दिसलाच नाही. घरी येऊन तिने दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधलं आणि मगच ती पाणी प्यायली. नवं मंगळसूत्र करायचं नाही, असं तिने बाबांना बजावलं.

मला सोन्याचं काही वाटलं नाही. राग आला तो आई घरात बसली याचा. दर गुरुवारी एकटी मेट्रोने पहाडगंजला भजनाला जाणारी, रिक्षावाल्यांशी हिंदीत तोंडाला तोंड देणारी माझी आई आता कोथिंबिरीलाही बाबांना पाठवायची. त्यांच्याबरोबर गेलीच, तर एक हात सतत गळ्यावर. त्या हाताखाली काय, तर हळकुंड! भजनाच्या बायकांचे फोन यायचे, ही गुडघ्याचं कारण सांगायची. गुडघे ठणठणीत होते. मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. ती काही बधली नाही.

अशात बाबांनी तिघांची सिनेमाची तिकिटं काढली. आपल्या भागात शूटिंग झालंय, एवढंच त्यांना ठाऊक. अंधारात बसल्यावर कळलं की सिनेमाचा नायक बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढणारा, धड मिसरूडही न फुटलेला पोरगा आहे. मी बाबांकडे असं काही पाहिलं की ते बिचारे पॉपकॉर्नमध्ये तोंड घालून बसले. बाहेर जाऊ या, असं मी आईला दोनदा म्हटलं. ती हलली नाही. हात गळ्यावर आणि डोळे पडद्यावर.

मध्यंतराच्या जरा आधी तो पोरगा नव्या साथीदाराला धंदा शिकवतो. दोघं बाजारात उभे असतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांकडे बघत तो म्हणतो, "हाथ देख. जिसका गले पे है, माल उसी का असली है."

आईचा हात सावकाश खाली आला आणि मांडीवर राहिला.

शेवटी लोक त्या पोराला पकडून बडवतात. तेव्हा आई पुटपुटली, पुरे करा रे आता. अशांचे हात तोडायला हवेत, असं म्हणत इतके दिवस तिने घर डोक्यावर घेतलं होतं. मला मात्र त्याची अजिबात दया आली नाही. चार फटके जास्तच बसावेत असं वाटत होतं.

परत येताना गाडीत ती खिडकीतून रस्त्यावरच्या बायका बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या गळ्याकडे बघा, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होते."

पुढच्या गुरुवारी तिने इस्त्रीची साडी नेसली आणि टाळ पिशवीत घातले. मी सोडायला येते म्हटलं.

"बिल्कुल नको," ती चपला घालत म्हणाली. "आणि नेलंच कुणी हे हळकुंड, तर घालेल भाजीत."

मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ती दुधाच्या बूथवरून चालली होती, एका हातात पिशवी, दुसरा हात मोकळा. मागून एक मोटरसायकल आली आणि तिच्या अगदी शेजारून गेली. आईने मान वर करूनही पाहिलं नाही. ती मेट्रोच्या रस्त्याला वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझा हात माझ्या गळ्यावर आहे.