मशालींच्या उजेडात दादाचा आवाज

आमच्या दादाचा आवाज दणदणीत होता. लालबागच्या आमच्या चाळीतून मोर्चा निघाला की पहिली घोषणा त्याची. गिरणीत तो साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. त्या खडखडाटात एकमेकांशी बोलून बोलून घसा तयार झाला, असं म्हणायचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा अगदी भरात होती. त्याचा आवाज लांब जाऊन ऐकू येईनासा झाला की आई दाराशी जाऊन बसे, आणि तो परत येईपर्यंत तिथून हलत नसे.

एका रविवारी परळच्या एका स्टुडिओतला माणूस चाळीत आला. सिनेमासाठी गर्दीचा आवाज हवा होता. दादा आणि त्याचे दोस्त गेले. परत आला तो हसतच.

"काय करायला लावलं रे तिथे?" मी विचारलं.

"आवारात उभं केलं. वर काठीला मायक्रोफोन बांधलेला. म्हणाले, तुमचा राजा लढाई जिंकून आलाय असं समजा आणि ओरडा. शब्द नकोत, नुसता जल्लोष. अगं, असे ओरडलो की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली!"

सिनेमा लागला तेव्हा दादाची दुसरी पाळी होती. मी शाळेत शिकवत होते. शनिवारी शाळा लवकर सुटली तशी आईला घेऊन दुपारच्या खेळाला गेले. मध्यंतर झालं तरी राजा आला नाही, लढाई नाही. गोष्ट होती गावातल्या एका विधवेची. तिच्यावर चोरीचा आळ आलेला. मग पडदा जवळजवळ काळा झाला. दाराच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ तेवढी तिच्या कपाळावर. लांबून गलका ऐकू आला आणि मशाली दिसल्या. उजेड खालून पडत होता, त्यामुळे माणसांचे दात आणि डोळ्यांच्या खोबण्याच दिसत होत्या. सावल्या भिंतीवर चढल्या, गलका एकदम फुटला, आणि त्यात सगळ्यांच्या वर आमचा दादा.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. "ह्यो आपल्या दादाचो आवाज. तो ह्या लोकांबरोबर काय करता?"

"आई, तो नाहीये तिथे. नुसता आवाज आहे."

"मग ओरडता कोण?"

पडद्यावर एका अनोळखी माणसाने तोंड वासलं होतं आणि त्यातून माझा भाऊ ओरडत होता. तो जल्लोष होता हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. दादाने आपल्याला खरं सांगितलं नसेल का, असंही क्षणभर वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला सांगितलं. तो आधी हसला, मग हातातला कप त्याने खाली ठेवला. "आम्ही राजासाठीच ओरडलो गं," म्हणाला. "त्यांनी तो आवाज तिथे लावला असेल."

आई म्हणाली, "तसोच परत ओरड बघू."

दादा गॅलरीत जाऊन ओरडला. धडाधड दारं उघडली. "मोर्चा आला काय?" म्हणून कोणी विचारलं, तर खालून कोणी घोषणाच सुरू केली. आई मात्र त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "आता ह्यो खुशीत होतो काय रागात?"

मीही बघत होते. लख्ख ऊन होतं, मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे मिटलेले. मोर्चात हा चेहरा मी कितीदा पाहिला होता. असा प्रश्न कधी पडला नव्हता.

पुढच्या शनिवारी आईच म्हणाली, पुन्हा जाऊ. मशाली दिसताच तिने डोळे मिटून घेतले. मीही मिटले. काळोखात तो गलका खरोखर जल्लोषासारखा वाटायला लागला होता, तेवढ्यात ती बाई किंचाळली आणि तोच आवाज पुन्हा अंगावर आला. मी डोळे उघडले. आईने शेवटपर्यंत मिटलेलेच ठेवले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय वाटलं?"

"स्टुडिओत गेललो त्या दिवशी त्याचो घसो बसललो," ती म्हणाली, आणि भाजीवालीकडे वळली.

तिला एवढंच ऐकू आलं की आणखी काही, हे मी नंतरही विचारलं नाही.