गिरधर नानांच्या ऐंशी मुठी

गिरधर नानांनी अमळनेरच्या स्टँडवर तीस वर्षं एसटीच्या वेळा लिहिल्या, एक गाडी कधी विसरले नाहीत, आणि कानबाईच्या रोटांच्या यादीत सख्ख्या भावाचं घर गाळून बसले! आता काय बोलावं? श्रावणात खानदेशच्या या देवीला नैवेद्याचे रोट करायचे तर कुळातल्या लहानमोठ्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, हा त्यांच्याकडचा रिवाज. गेल्या वर्षी धाकट्या लोटनच्या घरची एकही मूठ पडली नाही. लोटन भरल्या ताटावरून उठला आणि वर्षभर नानांशी बोलला नाही. नानांच्या ते फार जिवाला लागलं.

शिरपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी लेक दिपमाला म्हणाली, "नाना, यादी पायथनमध्ये करा. मी शिकवते." एकसष्टाव्या वर्षी हे कसलं खूळ, म्हणून पत्नी प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण नाना बसले, आणि बघता बघता रमले. खात्यांना 'घर', 'माणूस', 'मुठी' अशी मराठी नावं दिली तरी ही कॉम्प्युटरची भाषा कुरकुरत नाही. पाच-सहा ओळींत काम उरकतं. भाषेत काही चुकलं तर कितव्या ओळीत ते सांगते. कंसांची गर्दी नाही. जी ओळ जिच्या हाताखालची, ती तिच्यापेक्षा थोडी आत सरकवायची, झालं. "आमच्या डेपोच्या परिपत्रकापेक्षा सरळ आहे गं," असं ते प्रमिलाबाईंना दिवसातून चारदा ऐकवायचे.

रोटांना आठ दिवस उरले तेव्हा नाना लॅपटॉप काखेत मारून गावी लोटनच्या ओट्यावर जाऊन बसले. तुझ्या घरची नावं तपासून घे, एवढंच म्हणाले. लोटन दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

नानांनी बटण दाबलं. चौदा घरं, चौसष्ट नावं भराभर उमटली, सगळ्यांत वर लोटनचं घर. आणि खाली उत्तर आलं, साडेसतरा मुठी. चौसष्ट माणसांना साडेसतरा! चूक कुठे, तेही यंत्र सांगेना. ज्याच्यापुढे अब्रू सावरायला आलो त्याच्याचपुढे पुन्हा घोळ! नाना तेच बटण परत परत दाबू लागले.

लोटन उठून जवळ आला. कॉम्प्युटरला त्यानं जन्मात हात लावला नव्हता, पण चाळीस वर्षं पेरणीची पाभर धरून शेतात सरळ तास पाडलेले. त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

"नाना, हाई ओळ तासना बाहेर का शे?"

नानांनी पाहिलं. खरंच की! मुठी वाढवायची ओळ 'माणूस'च्या हाताखाली हवी, ती बाहेर 'घर'च्या हाताखाली आली होती. म्हणून माणशी नव्हे, घरामागे सव्वा मूठ पडत होती. नानांनी ती आत सरकवली. उत्तर आलं, ऐंशी.

लोटननं आपल्या घरची सातही नावं बोट फिरवत वाचली, तीन महिन्यांच्या नातीचंसुद्धा. मग नानांचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"मूठ मी भरसू," तो म्हणाला. "तुनी बारकी शे."

नानांनी लॅपटॉप मिटला आणि धोतरानं डोळे पुसले.