फोनशेजारी इस्त्रीच्या शर्टात

हसायचं ते हसून घ्या, पण घोळ मीच घातला होता आणि तोही माझ्याच धंद्यातला. तेव्हा सांगलीत मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. लोक पैसे देऊन माझ्याकडं शिकायचे, बोला!

थोरला भाऊ, आमचा दादा, अमेरिकेला गेला आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, बुद्धिबळाचा पट गुंडाळून कपाटावर टाकला. आबा असे गप्प झालेले मला बघवेनात. म्हणून नव्याण्णव साली मी घरी इंटरनेट घेतलं. दादा तिकडून खेळणार, आबा इकडून. आबांना पटेना. सोंगटीला हात लावायचा नाही, तो कसला खेळ?

तरी एका रविवारी दुपारी चारला मी त्यांना बसवलंच. दादाचं पहिलं प्यादं पुढं सरकलं आणि आबा खुर्ची ओढून पडद्याला चिकटले. आजीला सगळ्या सोंगट्यांत फक्त घोडा कळायचा. ती मागं उभी राहून दर चालीला घोडाच हलवायला सांगत होती.

त्याच दिवशी पाच वाजता माझा निकाल होता. साताऱ्याची मुलगी बघून आलो होतो. मला ती इतकी आवडली होती की आठवडाभर जेवण जात नव्हतं. आमचा होकार कळवला होता, त्यांचा निरोप मुलीचे वडील फोनवर देणार होते.

मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसलो. फोनवर कोण शर्ट बघणार होतं, देव जाणे. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. फोन गप्प. आत आबा दादाला दम देतायत, आजीचं घोडा घोडा चाललंय आणि बाहेर मी नकार पचवतोय. आठ वाजता शर्ट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा परत खेळायला बसले. दहाच्या सुमाराला दारात मुलीचे वडील!

"काल दुपारधरनं तुमचा फोन एंगेज," ते म्हणाले. "म्हटलं, घरात काय बरंवाईट झालं का काय."

मी फोनकडं बघितलं. फोनला वायरच नव्हती. ती मीच काढून कॉम्प्युटरला जोडलेली; तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाईनवर चालायचं, ते चालू असलं की फोन एंगेज. तीन तास मी मुक्या फोनची राखण केली होती! हे सगळं त्यांना सांगावं लागलं.

"कॉम्प्युटरचं क्लास तुमीच घेता न्हवं?"

ते आबांना नमस्कार करायला आत गेले. आबा वजीर हलवणार तेवढ्यात पाहुणे म्हणाले, वजीर नको, उंट काढा. आबांनी लगेच शेजारी खुर्ची ओढली. मग दोघांनी मिळून दादाला असा घेरला की चहा दोनदा निवला. मात झाल्यावर एकमेकांच्या पाठी थोपटल्या, पाहुणे जेवले, पिशवी घेऊन निघाले. निरोपाचं नावच नाही!

एसटी स्टँडपर्यंत सोबत गेलो आणि शेवटी धीर करून विचारलं, "मामा, तुमचं काय ठरलं?"

"पोरीची पसंती हुतीच. मलाच तुमी बेताचं वाटला हुता. काल फोन लागला असता तर न्हाईच म्हणणार हुतो."

"आणि आता?"

"आता कसं न्हाई म्हणू? आबांसारखा गडी कुठं मिळायचा मला?"

लग्न झालं. आजही कुणी बायकोला विचारलं, काय बघून पडलीस गं या घरात, तर ती सरळ सांगते, "सासरे बघून."