काळ्या माशाची शेपटी

मला माशांची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला प्राणीप्रेमी समजायला नको.

आमच्या हॉलमध्ये माशांची काचपेटी आली ती सासूबाईंच्या हट्टानं. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की ईशान्य कोपऱ्यात आठ केशरी मासे ठेवायचे आणि एक काळा. घरावर संकट आलं की काळा मासा ते स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. मग दुसरा काळा आणायचा. इतकी सोय असल्यावर कुणी कशाला घाबरायचं?

आमच्या भागात नळ येतो आठवड्यानं. त्या दिवशी घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवायची. अशा घरात माशांचं पाणी बदलणं म्हणजे महापाप. पेटीतलं पाणी कमी झालं की सासूबाई वरून दोन तांबे ओतायच्या, झालं. मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "गावाकडं, पिशोरला, आम्ही डोक्यावर हंडे वाह्यले. मोरीत वतायला लई पाणी झालंय का तुला?"

तळाशी न खाल्लेल्या दाण्यांचा आणि विष्ठेचा बोटभर थर साचला होता. काचेवर शेवाळाचा बुळबुळीत लेप. त्यातच काळ्याची शेपटी झडायला लागली. कडा आधी पांढुरक्या झाल्या, मग तिच्या चिंध्या लोंबायला लागल्या. तो एका कोपऱ्यात पाण्याच्या वर तोंड काढून नुसता थांबलेला असायचा.

मी सासूबाईंना दाखवलं. "आई, याची शेपटी सडतेय."

त्यांनी चक्क हात जोडले. "सडू दे. घेतलं त्यानं अंगावर."

"कुणाचं?"

"कुणाचं का असंना. टळलं ना?" असं म्हणून त्या पाय ओढत स्वयंपाकघरात गेल्या. मे महिना, घामाच्या धारा, आणि पायात मोजे. टाचांना भेगा पडल्यात, मलम लावलंय, असं त्यांनी सांगितलं होतं. मी पुढं विचारलं नाही.

नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मेला तर दुसरा आणू." एक जीव डोळ्यांदेखत कुजतोय आणि हे दोघं समाधानानं चहा पितायत! मला माशापेक्षा त्या चहाची किळस आली. तरी मी दयेनं पेटून उठले वगैरे काही नाही. हॉलमध्ये एक गोडसर, कुबट वास भरून राहिला होता आणि आलेली माणसं पदर नाकाला लावत होती. मला तो वास घालवायचा होता.

गुलमंडीजवळच्या एका बोळात माशांचं दुकान आहे. तिथं औषध मागितलं, तर दुकानदारानं उलट मलाच विचारलं, "मॅडम, पानी कब बदले थे?"

मी खरं ते सांगितलं.

"दवा बाद में," तो म्हणाला. "पहले पानी बदलो. अपनेच गू में कब तक जिएगा वो?"

मग सुरू झालं माझं रुग्णालय. काळ्याला चहाच्या गाळणीनं उचलून वेगळ्या टबात टाकलं (गाळणी फेकली). टबात साठवणीचं पाणी, थोडं खडेमीठ, निळ्या औषधाचे मोजून थेंब. ते पाणी रोज बदलायचं. पेटीतल्या पाण्याचा दिवसाआड तिसरा हिस्सा काढायचा आणि तळाचा गाळ नळीनं ओढून घ्यायचा. पहिल्याच दिवशी नळी तोंडानं जरा जास्त ओढली आणि तो गाळ थेट माझ्या जिभेवर. दिवसभर मी थुंकत होते. जेवण गेलं नाही.

सासूबाईंनी अबोला धरला. एकदाच बोलल्या, तेही काळजीनं. "त्याला वाचवलं तर ते कुणावर येईल?"

"माझ्यावर येऊ द्या," म्हणून मी हसले.

तीन आठवड्यांनी शेपटीच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक पट्टी दिसली. नवी शेपटी फुटत होती. मी काळ्याला परत पेटीत सोडलं. पेटी लखलखीत, पाणी स्वच्छ. आणि हॉलमध्ये वास तसाच.

पडदे धुतले. उंदीर मेलाय का म्हणून सोफा सरकवला. एका दुपारी सासूबाई पेटीसमोर खुर्चीत बसल्या होत्या आणि मी खाली बसून काच पुसत होते. वास माझ्या अगदी कानाशी होता. मी वळले, तर समोर त्यांचा मोजा.

"आई, मोजा काढा."

"नाय."

मीच ओढला. तो कातडीला चिकटला होता. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, ओलं. त्यांना साखरेचा आजार जुनाच. चप्पल लागली होती म्हणे. "दुखलंच नाय गं. म्हटलं, मासा घेतोय. तो बरा व्हायला लागला तवा कळलं, माझं माझ्यापाशीच राह्यलं."

आणि मी काय केलं? तोंड फिरवून ओकारी काढली. त्यांच्यासमोर. त्यांनी पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला. माशाचा गाळ तोंडात गेला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी धरणारी मी, त्या पायाकडं पाहू शकले नाही. आज मला किळस येते ती त्या ओकारीची.

तासाभरात आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. पाय वाचला, दोन बोटं काढावी लागली. आता रोज सकाळी त्यांची पट्टी मीच बदलते, नाकाला काही न बांधता. त्या पाय चौरंगावर ठेवून पेटीकडं बघत बसतात. काळ्याची शेपटी पूर्ण भरून आलीय.

"त्याची आली बघ परत," परवा त्या म्हणाल्या. "आपल्याला नाय तशी सोय."

मी गाठ बांधली आणि माशांना दाणे टाकायला उठले.